दोनाचे चार

दांडिया बाजारातल्या आत्याने माझी ओळख करून देणं
केव्हाच सोडलंय.
"ही आमच्या सुधाकरची... काहीतरी करते,"
एवढ्यावर ती चहा टाकायला उठते.
पूर्वी निदान म्हणायची, एक ना धड, भाराभर चिंध्या.

चिंध्यांचं मला वाईट वाटलं नाही.
मांडवीपाशी रफूवाल्या गुलामनबींकडे
दीड वर्ष मी चिंध्याच सांभाळत होते.
शालीच्या आतल्या कडेचा धागा उपसायचा,
त्याचे दोन करायचे, दोनाचे चार,
आणि भोक होतं
हे कापडाला विसरायला लावायचं.
डिप्लोमा तेव्हा कपाटात होता. मेकॅनिकल. फर्स्ट क्लास.

त्याआधी मकरपुऱ्यात बेअरिंगची ड्रॉइंगं.
केसभर चुकलं तरी हसमुखभाई बोलत नसत,
वाया गेलेला तुकडा फक्त माझ्या टेबलावर ठेवून जात.
दोन वर्षांत अकरा.
कागद उडू नयेत म्हणून अजून वापरते.

मग नाटकांचे पडदे.
मग कमाटीबागेत, म्युझियममध्ये,
पेंढा भरलेल्या कोल्ह्याचा विटलेला रंग.
डोळा पहिल्यांदा तिथे हातात घेतला, काचेचा.
थंड होता.

मग विमा, तीन वर्षं,
कारण बाबांचं डायलिसिस कोल्ह्यांवर चालेना.

लोक म्हणतात, शेवटी सगळं कामाला येतं.
नाही येत.
विम्याची ती तीन वर्षं
दुसऱ्याच कुलपाच्या किल्ल्यांसारखी
ड्रॉवर उघडला की नुसती वाजतात.

आता रावपुऱ्यात, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
मी डोळे करते.
बघणारे नाही. बघितल्यासारखे.

आज याकूतपुऱ्याचा अयान आला, दहा वर्षांचा.
उत्तरायणाला मांजाने उजवा गेला.
पतंग मात्र कापला नव्हता,
हे त्याने दोनदा सांगितलं.

डावा बघत बघत मी उजवा रंगवला होता.
कागदावर लिहायचं तपकिरी,
पण कडेला चहाच्या गाळाचा काळपटपणा,
आणि एका जागी, अगदी टाचणीएवढी,
पूर ओसरल्यावरची विश्वामित्री.
पांढऱ्यावर लाल रेशमाच्या शिरा.

बसवला. आरसा दिला.
आईने ओढणीचं टोक आधीच हातात घेतलेलं.
अयान बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"हा झोपून उठलाय.
आणि हा रात्रभर जागाच आहे."

मी दोन्ही पाहिले. पोरगं बरोबर होतं.

वरचा थर घासून पुन्हा उघडायचा,
म्हणजे दुपार गेली.
मी हात पुढे केला. त्याने डोळा तळव्यावर ठेवला,
कोमट.

दिवा जवळ ओढला. रेशमाचं रीळ काढलं.
एक धागा उपसला.
त्याचे दोन केले.