उजव्या हाताचं की डाव्या

रुझारने विचारलं, दार उजव्या हाताचं की डाव्या?
मी गप्प.
बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं
कुठला व्हॉल्व्ह कुणीकडे फिरतो
हे झोपेत सांगायचो,
आणि घरातल्या दाराची बिजागरी कुठल्या बाजूला,
आठवेना.
त्याने काउंटरवर दोन हँडलं मांडली,
एकाला आरसा दाखवावा तशी.
"घराक जा, बघून ये."
मालवणच्या बाजारातून मेढ्यापर्यंत परत कोण जातो.
म्हटलं, हे दे.

तसं जुन्या मुठीला काही झालं नव्हतं.
पितळेची, गोल, लिंबाएवढी.
खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या कड्या खाल्ल्या,
गज सोलून काढले,
ही मधल्या खोलीची मात्र शाबूत.
फिरवली की फिरायची.
माझ्या हातात.

भाद्रपदात चिकनगुन्याने अख्खी वाडी झोपवली.
माझा आठ दिवसांत उतरला.
शालनचा ताप गेला, बोटांतली कळ राहिली.
ती काही बोलली नाही.
फक्त मधल्या खोलीचं दार उघडंच राहू लागलं.
लुगडं बदलायची ते कपाटाच्या आडोशाला,
दुपारी पडायची ती पडवीतून दिसेल अशी.
मी एकदा म्हटलंसुद्धा,
बरं केलंस, हवा खेळते.

परवा वाऱ्याने दार आपटलं.
ती आत.
मी रेडिओचे सेल बदलत होतो.
हाक नाही, काही नाही.
सहज मान वर केली तर मूठ
जराशी हलायची, थांबायची.
पुन्हा हलायची,
थांबायची.
मी उघडलं.
पदर गुंडाळलेली दोन्ही मनगटं तशीच पुढे धरून
ती उभी. म्हणाली,
"काय नाय, दार घट्ट झालाहा."
मी दोन बोटांनी मूठ फिरवून पाहिली,
तिच्यादेखत.
ते करायला नको होतं.

जुने स्क्रू काही केल्या सुटेनात.
खाचा बुजलेल्या, डिसमिस नुसती घसरते.
खोबरेल सोडलं, वरून हातोडीची टिचकी,
तासाभराने एक कुरकुरला.
पट्टी निघाली तर तिच्याखाली पोपटी रंग,
ओला असावा तसा.
हा कधी दिला होता?
"तुमच्या भयणीच्या लग्नाक," शालन म्हणाली,
"माका आवडलो नव्हतो."

नव्याची भोकं जुन्यावर बसेनात.
जुन्यांत काड्यापेटीच्या काड्या, फेविकॉल,
मग पटाशीने दोन सूत खोल.
फणसाचं लाकूड,
आतून अजून हळदीसारखं.
भुसा तिच्या पायांवर पडत राहिला,
ती हलली नाही, बॅटरी धरून होती
दोन्ही तळव्यांत, बोटं न मिटता.

बसवलं. दाबलं.
दबेना.
वर उचललं तर उघडतं.
"असांदे," ती म्हणाली,
आणि कोपर खालून घालून दाखवलं,
कोंबडी पंख उचलते तसं.
उघडलंही.
पण दात आवळले होते.

पुन्हा सगळं काढलं. सायकल.
रुझार हिशेब लिहीत होता.
दुसरं हँडल काउंटरवर तसंच पडलेलं,
त्याने ते उचलून ठेवलंच नव्हतं.
वर न बघता म्हणाला, "डावा."

दिवेलागणीला तिने कोपर टेकवलं.
उघडलं.
लावलं.
उघडलं. माझ्याकडे बघितलं नाही.
मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी या बाजूला.
चहा टाकू का, विचारणार होतो,
नाही विचारलं.
आत पेटीचं झाकण वाजलं, बांगड्या वाजल्या,
मग बराच वेळ काहीच नाही.
लेंग्याच्या खिशात पितळेची मूठ
मांडीला गार लागत होती.
भुसा झाडून काढला.
एक स्क्रू उरला.
तो कुठला, अजून सापडलेलं नाही.