घासलेली किल्ली

गाड्या मला बॉनेटवरून कळत नाहीत,
दिव्यांवरून तर नाहीच.
मी किल्लीवाल्याची मुलगी,
मला दात कळतात.

छोटी ग्वालटोली, सरवटे स्टँडच्या मागे
अण्णांची टपरी. एक शिकंजा, तीन कानशी,
आणि खिळ्यांवर ओळीनं लटकलेली मारुती:
एट हंड्रेडची, कपाटाच्या किल्लीइतकी पातळ,
व्हॅनची, तिचीच सख्खी बहीण,
जिप्सीची, जिला कायम डिझेल नसताना डिझेलचा वास,
झेनची, काळ्या प्लास्टिकची टोपी घालून,
आणि एस्टीमची, जी घेऊन येणारा माणूस
आधी बसायला खुर्ची मागायचा.

अण्णा म्हणत, "कंपनीनं गाड्या काढल्या ढिगानं,
दात काढले मोजून.
माणसं उरली, दात संपले."

म्हणूनच त्या वर्षी तुळपुळे बाई,
ओल्ड जीडीसीत भूगोल शिकवणाऱ्या,
राजवाड्यावरून पांढरी मारुती घेऊन
स्नेहलतागंजात घरी पोचल्या
आणि मागच्या सीटवर निघाली
दोन किलो लवंगी शेव
आणि डबीत कुणाचीतरी कवळी.

गाडी दुसऱ्याची. किल्ली बाईंची.
कुलपानं काही विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी दोघं टपरीवर.
भंडारी सेठ दातांवाचून भांडत होते,
शिव्या नुसत्या हवेच्या निघत होत्या.
बाई म्हणाल्या, "पांचाळ, माझी किल्ली
फक्त माझ्याच गाडीला लागली पाहिजे."
भूगोलाच्या बाई, हद्द आखून मागत होत्या.
अण्णांनी कुलूप बदललं. शेव आम्ही खाल्ली.

पण अण्णांच्या खिशात एक किल्ली होती,
घासून घासून दात बोथट झालेली.
ती अर्धं इंदूर उघडायची.
हे आम्हा दोघांना माहीत होतं
आणि ठाण्यातल्या चौरे हवालदाराला,
जो कधी बोलला नाही.

रात्री टपरी बंद करून
सायकल हातात धरून परतताना
एखाद्या गाडीचे दिवे जळत राहिलेले दिसले
की अण्णा थांबायचे.
दार उघडायचे, आत हात घालून दिवे मालवायचे,
दार लावायचे, हँडल ओढून बघायचे.
"बॅटरी बसली तर सकाळी
पोराला शाळेत कसा सोडेल तो?"
तो कोण, हे त्यांना कधीच ठाऊक नसायचं.
त्यालाही नाही.

आता टपरीचं दुकान झालं. कानशीशेजारी लॅपटॉप.
स्विफ्टच्या किल्लीत चिप,
बलेनोला तर किल्लीच नाही, खिशात नुसता गोटा,
गाडी वासावरून ओळखते मालकाला.
परवा तुळपुळे बाईंचा नातू आला, घामेजलेला:
"ब्रेझा मला ओळखतच नाहीये हो."
दोन तास तिची समजूत घातली.
साडेसात हजार झाले.

मग त्यानं दुसऱ्या खिशातून काढली
अण्णांच्या हातची ती, फक्त बाईंची.
"हिची पण एक करा. गाडी आहे अजून अंगणात,
टपावर मोगऱ्याच्या कुंड्या ठेवतो."
कुंड्यांसाठी किल्ली कशाला, ते मी विचारलं नाही.
मशीन असूनही कानस घेतली.
पैसे राहू दे म्हटलं.

काल रात्री शटर ओढलं
तर समोर कुणाची तरी नवी कोरी,
दिवे जळतायत, आत कुणी नाही.
हात आपसूक खिशात गेला.
ती घासलेली माझ्याकडेच असते.
दारावर भोक शोधत होते
तेवढ्यात दिवे विझले, आपले आपण.

बरं झालं, म्हटलं.
आणि सवयीनं हँडल ओढून बघितलं.

किंचाळली ती.
अख्खी गल्ली गॅलरीत आली
चोर बघायला.