बिनकाट्याची मरळ

सोपानने आणली तेव्हा मरळ जिवंत होती,
बादलीतून तोंड वर काढून हवा पीत होती.
आबा खाटेवरून बघत राहिले.
डावा हात उशीवर,
दुसऱ्या कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा.

मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलंय :
काटा नको, तिखट नको, घशात अडकेल ते नको.
ज्या माणसाने जन्मभर जिभेनेच काटा शोधला,
गालाच्या कोपऱ्यात सारला,
आणि बोलता बोलता ताटाच्या कडेला ठेवला,
त्याला चार महिने खिमट.

पणजीच्या हॉटेलात सहा वर्षं होते मी.
तिथल्या म्हाताऱ्या शेफने शिकवलं होतं, केनेल.
फ्रान्सच्या नदीतला कुठलासा दातेरी मासा,
अंगभर काटेच काटे,
त्याचा त्यांनी कापूस करून ठेवलाय.
मला तेव्हाच आबा आठवले, असं म्हणणार नाही.
तेव्हा मला पगाराची तारीख आठवायची.

आता चमच्याने मांस खरवडते,
पुरणयंत्रातून काढते.
आई दारात. 'होळीला त्यात पुरण वाटायचंय, येडे.'
'घासून देते.'
'वास जाईल?'
जाणार नाही. दोघींनाही माहीत आहे.

दूध, लोणी, मैदा,
उकड काढतात तसं, गोळा भांडं सोडेपर्यंत.
मग मासा, अंडी, मीठ, जरासं जायफळ,
आणि पातेल्याखाली संगमाच्या वाटेवरल्या
रसवंतीतून मागून आणलेला बर्फ.
दोन चमच्यांत इकडून तिकडे घ्यायचं,
तीन कडांचं, खारकेएवढं.

पाणी रटरटलं की खेळ खलास.
पहिले तीन विरघळूनच गेले,
पातेल्यात नुसतं ढगाळ झालं.
चुलीवरची सवय हाताला, गॅस कमी करायचंच सुचेना.
चौथा बुडाला. मी श्वास धरला.
मग आला वर, कुशीवर वळला,
झोपेत वळावं तसा.

सॉस पांढराच हवा, गाठ न होता घोटलेला.
झिंग्यांची टरफलं लोण्यात कुटून घातली,
तो किंचित गुलाबी झाला, बरोबर जमला,
आणि मी ताटली पुसायला वळले
तेवढ्यात आईने चिमूटभर हळद टाकली.
'पांढरं काय आजाऱ्याला देतीस?'
हरिपूर आहे हे. आईची नखं पिवळी,
रस्त्यावरची धूळ पिवळी.
मी काही बोलले नाही. बोलले, पण हळू.

आबांनी पहिला घास घेतला
आणि जीभ फिरवली, डावीकडे, उजवीकडे.
फिरवत राहिले.
आम्ही दोघी त्यांच्या जबड्याकडे बघत,
सोपान उगाच बादली विसळत.

'काटा कुठाय?' आबा म्हणाले.
शब्द निम्मे गळत होते, पण हा कळला.
'काढला, आबा. सगळा.'
'मग ही मरळ कशावरनं?'

सोपानने बादलीतून तिचं डोकं उचलून दाखवलं.
आबांनी बराच वेळ निरखलं,
ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं,
आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.

सगळं संपल्यावर बोट सॉसमधून फिरवून म्हणाले,
'पिठलं ग्वाड झालंय.'

रात्री पुरणयंत्र चिंचेने घासलं, मग राखेने.
हुंगलं.
पुन्हा घासलं.