चुल्पी

चुल्पी म्हणजे वेणीच्या टोकाला बांधायची चांदीची नाणी.
आमच्या तातार गावात मुलगी दिसायच्या आधी ऐकू यायची.
झुल्फिरा पाण्याला निघाली की
अख्ख्या गल्लीला कळायचं.

नाव नीट लिहा, बाई. झुल्फिरा.
नावातच झुलपं आहेत तिच्या.
जन्मली तेव्हा कानांवर येईल एवढं जावळ होतं, म्हणून.

सत्तावन्नचा सप्टेंबर. रविवार.
जंगलापलीकडे, तारांच्या कुंपणामागे,
काहीतरी धडाडलं.
रात्री आभाळ तांबूस, कडेला निळं.
पेपरात आलं की हा उत्तरेचा प्रकाश, इकडे क्वचित दिसतो.
आई म्हणाली, बघून घ्या.
आम्ही छपरावर चढून बघून घेतलं.

मग शाळेऐवजी शेत.
नुकतेच काढलेले बटाटे, बीट, गाजरं
पुन्हा पुरायची होती.
का, ते कुणी विचारलं नाही,
माणशी खड्डे मोजून दिले होते.
ती चौदाची, मी नवाची.
तिनं एक गाजर फ्रॉकला पुसलं, अर्धं मला दिलं.
गोड होतं. हेही लिहा.

आधी ओकाऱ्या. मग नाकातून रक्त,
वहीवर, बेरजेच्या मधोमध.
पावाचा घास तोडला की पावावर हिरड्यांचा ठसा.
आणि एका सकाळी आई तिची वेणी घालत होती,
तर तीन पेडांतला एक
हातातच आला. न ओढता.
दुखलं का गं?
नाही.
ते ‘नाही’ आई मरेपर्यंत सांगायची.

आठवड्यात डोकं सोललेल्या बटाट्यासारखं.
आईनं केस वेचले, उशीवरून, शालीवरून,
सुपाच्या वाटीतून,
रुमालात ठेवले, वर चुल्पी ठेवली,
गाठ मारली.

डॉक्टरनं कागदावर लिहिलं, अशक्तपणा.
त्याआधी त्याचा टाक किती वेळ
कागदाला न टेकता थांबला होता,
ते मला आता आठवतं.

फेब्रुवारीत ती गेली.
जमीन इतकी गोठलेली
की कबरीच्या जागी दोन दिवस शेकोटी पेटवावी लागली.

बर्फ वितळल्यावर दोघेजण आले. रबरी बूट, हातात पेटी.
पेटी घरभर फिरवली.
चुलीपाशी ती पुटपुटली, उंबऱ्याशी जरा जास्त बोलली.
रुमालाजवळ नेली,
आणि खुळखुळ खुळखुळ खुळखुळ
आई परसातून धावत आली,
ओल्या हातांनी,
दाराकडे बघत.

रुमाल त्यांनी नेला. चांदीची पावती दिली नाही.

माझं?
गळ्यावरचा हा चट्टा ऐंशी सालचा.
दोन मुलं दिवस भरायच्या आधी गेली.
तिसरा बाहेर उभा आहे, त्यानंच बसनं आणलं.
थंडीत नडग्या आतून कुरतडल्यासारख्या होतात,
त्याला तुमच्या फॉर्मात रकाना नाही.
केस? पांढरे झाले, पण राहिले.
वेणी घालते. टोकाला काही बांधत नाही.

तुम्हाला पुरावा पाहिजे, मी तिथं होते याचा.
घरं बुलडोझरनं खड्ड्यात लोटली,
शाळेची हजेरीवही त्यातच.
गाव नकाशात शोधू नका.

तुमच्याकडे तसली पेटी असेल ना कुठं कपाटात?
आणा.
माझ्याजवळ धरा.
मी गप्प बसते.