मागे राहिलेलं पाणी

बेटावरचं टपाल आठवड्यातून दोनदा जातं, चालत.
मोम्मे यान्सेनचं एक घड्याळ दाराशी, एक मनगटावर,
आणि दोन्हींवर त्याचा विश्वास नव्हता.
"रोज पन्नास मिनिटं उशिरा येतं ते,"
तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला,
"तुझी न्याहारी, तुझी झोप, तुझा रविवार,
त्याला काही ठाऊक नाही."

समुद्राचा तळ राखाडी, घोट्याएवढा थंड.
किड्यांनी वर टाकलेल्या चिखलाच्या शेवया
पायाखाली मोडत होत्या.
पहाटे जिथून होडी गेली
तिथूनच आम्ही चाललो: पाठीवर विजेची बिलं,
एक लग्नपत्रिका, कुणाच्या तरी गुडघ्याचं मलम.

मी विचारलं, चंद्र एकच,
मग भरती दोनदा का?

त्याने काठी चिखलात रोवली.
"चंद्रासमोरचं पाणी चंद्राकडे ओढलं जातं.
हे शेंबड्या पोरालाही कळतं.
त्याच्यामागून पृथ्वी. जड बाई, पण तीही जराशी सरकते.
आणि पलीकडचं पाणी, सगळ्यात लांबचं,
त्याच्यापर्यंत ओढ पोचते सगळ्यात कमी.
ते मागे राहतं.
मागे राहिलेलंही फुगतं, पोरा.
आपण दोन्हींखालून फिरत असतो."

एवढं बोलून काठी उपटली, पुढे निघाला.
गेशे अकरा वर्षांपूर्वी ब्रेमेनला गेली
हे मला पाववाल्याकडून कळलं.

बाकीचं मी पायांनी शिकलो.
पौर्णिमा-अमावस्या उलटली की उधाण,
अर्ध्या चंद्राला भांग, पाणी आळसावलेलं.
तक्त्यात सगळं मिनिटामिनिटाने छापलेलं असतं,
फक्त वारा छापत नाहीत.
आणि भरती समोरून येते, हे चित्रातलं.
इथे ती आधी तुमच्या पाठीमागचे ओहोळ भरते,
आवाज न करता,
आणि तुम्ही अजून कोरड्यात उभे असता, खुशीत.

आता मोम्मे बेटावरच असतो. गुडघे गेले.
(ते मलम त्याचंच होतं.)
आज पिशवीत एक पाकीट, शिक्का ब्रेमेनचा,
अक्षर तिरकं, शाई निळी.
मी नेहमीपेक्षा भराभर चाललो,
एकदा घसरलो, पिशवी मात्र वर धरली.

दार उघडून त्याने पाकिटाकडे पाहिलं,
मग माझ्या खांद्यावरून लांब पाहिलं.
"वारा कुठला?"
"पश्चिमेचा. तासाभरापासून."
"मग आज परतायचं नाही. चहा ठेवतो."

पाकीट साखरेच्या बरणीला टेकून उभं राहिलं.
दोन कप झाले, दिवा लागला,
वाटेवरचे खुंट एकेक करून बुडाले.
तो ते मोजत होता, की नुसताच बघत होता.

मी खिडकीतून चंद्र शोधला.
आकाशात नव्हता.
तरी पाणी चढतच होतं.