चार नंबरची खिडकी

लोरेनच्या पाणीपट्टी कचेरीत मी तीन नंबरला बसतो,
ती चारला.
मधल्या काचेला तडा आहे.
मी नोकरीला लागलो तेव्हाही होता,
म्हणजे सव्वीस वर्षं झाली.

इडेलिस काराबायो. वय एकोणतीस.
बाप पोलाद कारखान्यात होता, कारखाना होता तोवर.
मार्चमध्ये तिला दोन पत्रं आली.
दोन्हींत अभिनंदन,
दोन्हींत नावाचं स्पेलिंग बरोबर.
आधी ती त्यावरच खूश झाली.

एक वॉशिंग्टनचं.
तिथे म्हणे कॉफीच्या रांगेत माजी राजदूत उभे असतात.
अर्धी फी माफ.
उरलेल्या अर्ध्या फीचा आकडा तिने कागदी रुमालावर लिहिला,
रुमालाच्या चार घड्या करून पर्समध्ये ठेवला,
जणू घडी घातली की आकडाही लहान होतो.

दुसरं कोलंबसचं. गाडीने दोन तास.
सगळी फी माफ, वर महिना चौदाशे डॉलर,
बदल्यात एका प्राध्यापकाच्या तक्त्यांत
आठवड्याला वीस तास आकडे भरायचे.
‘ते तर मी इथेही करते,’ ती म्हणाली.

डबा खाताना ती सल्ला विचारते. मला!
सार्वजनिक धोरण मला ठाऊक आहे ते इतकंच:
साठ दिवस थकले की पिवळी नोटीस,
नव्वदला लाल,
मग मिलान पाना घेऊन जातो.
नव्वदच का? फायलीत लिहिलेलं नाही.
कुठल्याशा खोलीत, कुठूनसं शिकून आलेल्या कुणीतरी ठरवलं असेल.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेला असेल तो,
किंवा बापाने फी भरली असेल.

यातलं काहीच बोललो नाही.
विचारलं, ‘व्याज किती?’

मंगळवारी, तळ्यावरचा बर्फ फुटत होता त्या दिवशी,
तिने वॉशिंग्टनला फोन लावला.
कोलंबसचं पत्र पुढे करून थोडं वाढवून मागायचं होतं.
घासाघीस वाटू नये अशी घासाघीस,
आठवडाभर आरशासमोर घोकलेली.
पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं.
फोन स्पीकरवर होता, मीही ऐकलं:
‘तुमची अडचण मी समजू शकते.
पण आमच्या धोरणानुसार...’

इडेलिसने माझ्याकडे पाहिलं.
आमच्या खिडक्यांखाली चिकटवलेला कागद,
ओळ दुसरी.
शब्द तेच.
‘पण’च्या आधी घेतलेला श्वाससुद्धा तोच.
दिवसातून चाळीसदा ती हे वाक्य म्हणते,
आज पहिल्यांदा समोरून ऐकत होती.

मला वाटलं, आता चिडेल किंवा रडेल.
तिने विचारलं, ‘आज असे किती फोन आले तुम्हाला?’
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग वेगळ्याच, घसा बसलेल्या आवाजात:
‘बावीस. तुमचा तेविसावा.’
‘जेवलात?’
‘नाही.’

शुक्रवारी पत्र आलं. चार हजार वाढवले होते.
रुमाल उघडला, वजाबाकी केली,
पुन्हा चार घड्या.

पंधरा एप्रिलला ती कुणाशी बोलली नाही.
पाच वाजता कोट चढवताना म्हणाली,
‘राजदूत भेटला असता तर
मी त्याला काय विचारलं असतं, कोण जाणे.’
आणि हसली. ते हसू
मला अजून नीट लावता आलेलं नाही.

ऑगस्टपासून चार नंबर बंद आहे.
दर दुसऱ्या रविवारी ती घरी येते, बापाची औषधं भरून जाते.
वाळली आहे.
म्हणते, प्राध्यापक बरा आहे, तक्ते लांबलचक आहेत,
आणि कधीकधी स्वप्नात
ती कॉफीच्या त्या रांगेत उभी असते.

माझ्यापुढची रांग आता दुप्पट.
कागद तसाच चिकटलेला आहे.
पण दुसरी ओळ वाचताना हल्ली
‘पण’च्या आधी मी जरा जास्तच थांबतो.
लोकांना वाटतं, कॉम्प्युटर अडकला.