नमुन्याचा टॉवेल

अक्कलकोट रोडला, गाळा नंबर बारामध्ये
दुपारपाळीला नमुना आला:
पांढरा टर्किश, निळा काठ,
मधोमध जहाजाची रेघ, भोवती दोरखंड,
खाली एक नाव, कुणालाच वाचता येईना.
परदेशी नौदलाची ऑर्डर, चारशे नग.
मालक म्हणाले, गाजूलमामा, तुम्ही नेव्हीतले ना,
बघा जरा.

मी बॉयलरपासून उठलो, हात पुसत आलो.
नाव मलाही लागलं नाही.
पण ते धुराडं,
मागे कललेलं, जरा जास्तच,
उन्हात बसल्या जागी डुलकी घेणाऱ्या माणसासारखं,
ते मी कसं विसरेन?
त्याच्या पोटात नऊ वर्षं होतो.

आमच्याकडे आली तेव्हाच ती वापरलेली.
आधीच्या नावाची पितळी अक्षरं उपटलेली,
भोकं बुजवून वर करडा रंग.
ऊन पडलं तिरकं की भोकं मोजता यायची.
सात.
आम्ही नाव दिलं भोगावती.
मी हसलो होतो. आमच्या भोगावतीत
चैत्रात म्हशीची शेपटी भिजत नाही.

बाबल्या तारी विचारायचा,
दुष्काळी माणसा, समुद्रात काय कमवायला आलास?
मी म्हणायचो, ऊब.
बॉयलर रूममध्ये पन्नासच्या वर पारा,
तो भोवळ येऊन पडायचा,
मला साखर पेठेतलं पत्र्याचं घर आठवायचं.

लढाई तिनं पाहिली नाही.
कागदोपत्री लिहायचं तर एवढंच:
वादळात उचललेले एकोणीस मच्छीमार, त्यातला एक
भांडत होता, जाळं सोडून येणार नाही म्हणून.
एका संशयित जहाजाचा अकरा दिवस पाठलाग,
ते निघालं कांद्याचं.
दोन वेळा गोदीत, तळाला चिकटलेले शिंपले खरवडायला.
आणि एका रात्री फुटलेली वाफेची नळी.
बाबल्याचा उजवा हात.
त्याबद्दल रजिस्टरात दीड ओळ आहे.

मग विकली.
घेणारे आले, वयानं पोरं सगळी,
दोन महिने आम्हीच त्यांना शिकवत होतो
तिच्या खोडी.
माझ्या वाट्याला एक उंच, लाजाळू पोरगा.
भाषा नव्हती. मी व्हॉल्व्हवर खडूनं बाण काढले:
तिसरा उलटा फिरतो.
चौथ्याला आधी कोपर मार.
त्यानं वहीत कोपर काढलं, हुबेहूब, बाहीसकट.
त्याचं नाव मी लिहून घेतलेलं. कागद खिशातून
धुण्यात गेला.

शेवटच्या सकाळी वर बँड वाजला.
आमचा झेंडा उतरला.
त्यांचा चढेना, दोरी अडकली म्हणे कप्पीत.
दहा मिनिटं
ती कुणाचीच नव्हती.
खाली मला कुणी काही कळवलं नाही.
मी आपला काट्याकडे बघत
वाफ धरून होतो.

इरण्णा म्हणाला, मामा,
नमुन्यात धुराडं वाकडं विणलंय, चूक दिसते,
पुठ्ठ्यावर सरळ पाडलंय मी.
मी म्हटलं, वाकडं कर.
तो म्हणाला, सहा पुठ्ठे पुन्हा पाडायचे म्हणजे
आजचा दिवस गेला.
मी म्हटलं, जाऊ दे दिवस.
मालकांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे,
मग काहीच म्हणाले नाहीत.

चारशे नग माझ्याच वाफेवर धुऊन निघाले.
एक सेकंड निघाला, काठाला गाठ.
घरी आणला.
नरसम्मा म्हणाली, केवढा मऊ, पाहुण्यांना ठेवू.
मी त्यालाच तोंड पुसलं,
मग वळचणीच्या तारेवर टाकला.
एप्रिलचं ऊन होतं,
धुराडं खाली, तळ वर.
मी तिथंच खुर्ची घेऊन बसलो
वाळेपर्यंत.
किती वेळ लागतो म्हणा इथं,
दहा मिनिटं.